मोठ्या मोटारबोटी बांधणाऱ्यांना खुले पत्र: तुमच्या बोटीच्या तिसऱ्या मालकाकडून

मोठ्या मोटारबोटींचे आराखडे काढणाऱ्या, त्या बांधणाऱ्या आणि नव्याकोऱ्या विकणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

माझी बोट गेली दोन वर्षं विकायला काढलेली आहे. लांबी 15 मीटर, दोन डिझेल इंजिनं, तीन केबिन, वय 23 वर्षं. मी तिचा तिसरा मालक. अकरा वर्षं ती माझ्याकडे आहे आणि या अकरा वर्षांतले घरच्यांचे सगळ्यांत चांगले दिवस तिच्यावरच गेले. माझी मुलगी तिच्या मागच्या फळीवरून पाण्यात उडी मारायला शिकली. मी बोट विकतोय ती मन भरलं म्हणून नव्हे. तिला पोसणं आता झेपत नाही, आणि विकायला गेलो तर ती विकली जात नाही, म्हणून हे पत्र.

पत्र तुम्हालाच का? कर सरकार लावतं, हप्ता विमा कंपनी वाढवते, भाडं मरीना, म्हणजे बोटी उभ्या करायचा धक्का, वाढवते, डिझेल आपल्या वाटेने महागतं. त्या सगळ्यांनाही लिहिण्यासारखं आहे. पण मध्यंतरी मी अकरा वर्षांच्या पावत्या जमिनीवर मांडून बसलो आणि एकेक पावती हातात घेऊन स्वतःला विचारलं, हा खर्च नक्की कुणी ठरवला? निम्म्याहून अधिक पावत्यांचं उत्तर एकच निघालं. बोट कागदावर होती, तेव्हाच तो ठरून गेला होता. पंप कुठे बसवायचा, टाकी कशाखाली दडवायची, डेकवर काय चिकटवायचं, हे तुमच्या आराखड्याच्या टेबलावर ठरलं आणि त्याची पावती दोन दशकांनी माझ्या नावाने फाटली.

ही श्रीमंतांची रड आहे असं म्हणून पत्र बाजूला ठेवू नका. नवी मोठी बोट घेणारा श्रीमंत असतो, हे खरं. पण बोट दोन-तीन हातांतून फिरली की तिचा मालक बहुधा माझ्यासारखा असतो: आयुष्यभराची शिल्लक घालून, एकच हौस जपणारा. आणि तुमची नवी बोट खपते तीही माझ्यासारख्यांच्या जिवावरच. पहिल्या मालकाची बोट दुसरा घेतो, दुसऱ्याची तिसरा घेतो, म्हणून पहिला पुन्हा तुमच्या दारात येतो. खालच्या टोकाला ही साखळी अडली, की वरपर्यंत अडते. ती आता अडली आहे.

आधी हिशेब मांडतो. धक्क्यावर सगळीकडे एक ठोकताळा ऐकू येतो: बोटीच्या किमतीच्या 10 टक्के दरसाल खर्चाला धरा. नव्या बोटीपुरता तो ठीक आहे. जुन्या बोटीला लावला की तो माणसाला बुडवतो. कारण बोटीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. माझ्या बोटीची किंमत नव्याच्या पाचवा हिस्साही राहिलेली नाही. पण तिच्या तळाचं क्षेत्रफळ तेवढंच आहे, त्याला रंग तेवढाच लागतो. धक्क्यावरची जागा मीटरवर मोजतात आणि मीटर म्हातारे होत नाहीत. इंजिनाच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, नव्या बोटीला ज्या भावात मिळतो त्याच भावात मला मिळतो. म्हणजे जुन्या बोटीचा खर्च तिच्या आजच्या किमतीवर काढायचा नसतो; तशीच बोट आज नवी घेतली तर केवढ्याला पडेल, त्यावर काढायचा असतो. हे मला घेताना कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, तो दोष माझा. गेल्या वर्षी मी बोटीवर केलेला खर्च, मी तिच्यासाठी मागत असलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास गेला. यातली कुठलीही मोठी दुरुस्ती नव्हती. नेहमीचंच सगळं.

लांबीचंही असंच फसवं आहे. तुमची माहितीपत्रकं लांबीवर बोलतात, त्यामुळे गिऱ्हाईकही लांबीतच विचार करतं. 10 मीटरवरून 15 मीटरवर जाणारा माणूस समजतो की आपण दीडपट बोट घेतली. आकार तसाच ठेवून लांबी दीडपट केली, तर तळाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि वजन जवळजवळ 3.4 पट. क्रेन वजन उचलते. इंजिन वजन ओढतं. नांगर, साखळी, दोर, सगळं वजनाच्या हिशेबाने लागतं. दीडपटीच्या हिशेबाने वाढणारी एकच गोष्ट मला सापडली, ती म्हणजे मरीनाचं भाडं, आणि आता बोटी इतक्या रुंद झाल्या आहेत की काही ठिकाणी तेही लांबी गुणिले रुंदी असं लावतात.

इंधनाबद्दल थोडं. माझ्या बोटीत 600 अश्वशक्तीची दोन इंजिनं आहेत. पूर्ण जोरात दोन्ही मिळून तासाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास डिझेल पितात. 24 नॉट वेगाने गेलं की सागरी मैलाला साडेसहा-सात लिटर जातात; सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. तीच बोट 8 नॉटने नेली, तर तोच मैल तीन लिटरच्या आसपास पार होतो. कारण साधं आहे. बोट पाणी कापत जाते तेव्हा स्वतःची लाट स्वतःच उठवते आणि एका वेगानंतर तिला त्या लाटेवर चढावं लागतं. पाणरेषेवरची लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला 2.43 ने गुणलं की तो वेग नॉटमध्ये मिळतो. माझ्या बोटीचा पावणेनऊच्या आसपास येतो. त्या आत राहिलं तर इंधन बेतात, वर गेलं की चढण. आज माझ्या ओळखीतले बहुतेक मोठ्या बोटींचे मालक 8 नॉटनेच चालवतात. म्हणजे 1200 अश्वशक्ती विकत घ्यायची, तिची देखभाल करायची, तिचा विमा भरायचा आणि वापरायची शंभरेक. सतत कमी भारावर चाललेलं मोठं डिझेल इंजिन आतून काजळी धरतं, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो चिकटतो, तो खर्च वेगळा. याच लांबीत, लहान इंजिनांची, 9-10 नॉटला सुखाने चालेल अशा तळाची बोट बांधता येते. अशा बोटी आहेतही. पण बोटींच्या प्रदर्शनात पुढच्या रांगेत मला त्या कधी दिसल्या नाहीत.

बाहेरून आलेल्या महागाईचं माप तुमच्या पदरात घालणार नाही. महासाथीच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, लोक बोटींवर तुटून पडले. कुठलीही तरंगती वस्तू विकली गेली. मग व्याज वाढलं. अमेरिकेत मार्च 2022 मध्ये शून्याला टेकलेला मध्यवर्ती बँकेचा दर जुलै 2023 पर्यंत 5.25 ते 5.50 टक्क्यांवर गेला, इतर देशांतही कमीअधिक तेच झालं. मोठी बोट पुष्कळ लोक कर्जावर घेतात. हप्ता वाढला आणि गिऱ्हाईक आटलं. सप्टेंबर 2022 मध्ये इयन चक्रीवादळाने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मरीनाच्या मरीना उचलून रस्त्यांवर टाकल्या, आणि त्यानंतर विमा कंपन्यांनी बोटींकडे बघायची नजरच बदलली. वीस वर्षं ओलांडलेल्या बोटीला तर आता बोट पाण्याबाहेर काढून केलेली तपासणी दाखवल्याशिवाय बहुतेक जण दारात उभं करत नाहीत. ज्या कंपनीकडे मी नऊ वर्षं एकही दावा न करता हप्ते भरले, तिने दहाव्या वर्षी दोन ओळींच्या पत्राने नूतनीकरण नाकारलं.

करांचा अनुभव जुना आहे आणि तो विसरला जातो. अमेरिकेने 1991 पासून ठरावीक रकमेच्या वरच्या नव्या बोटींवर, वरच्या रकमेच्या 10 टक्के चैनकर लावला. मंदी होतीच, त्यात हा कर. नव्या मोठ्या बोटींची विक्री कोसळली आणि मार बसला तो गोदीत काम करणाऱ्या सुतारांना, फायबर ओतणाऱ्यांना, वायरमनना. श्रीमंतांनी बोट घेतलीच नाही, त्यांना काहीच लागलं नाही. 1993 मध्ये तो कर मागे घेतला गेला. कॅनडाने 1 सप्टेंबर 2022 पासून पुन्हा तसाच कर आणला. त्या वेळी तुम्ही सगळे एकत्र येऊन बोलता, कामगारांची बाजू मांडता, आणि ते योग्यच आहे. माझं म्हणणं इतकंच की जुन्या बोटीच्या मालकाच्या वतीने असं एकत्र बोलताना मी तुम्हाला अजून पाहिलेलं नाही.

आता टाकीची गोष्ट. ती सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

चार वर्षांपूर्वी इंजिनाच्या खोलीत डिझेलचा वास यायला लागला. आधी वाटलं, एखादी नळी सैल झाली असेल. सगळ्या नळ्या बघितल्या, कोरड्या. तळाशी साचणाऱ्या पाण्यावर मात्र इंद्रधनुष्यी तवंग. मेकॅनिकने गुडघ्यांवर बसून, गालाला फायबर लावून, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लहान आरसा घेऊन बघितलं आणि म्हणाला, "टाकी गेली." ॲल्युमिनियमची टाकी. तिच्या आणि बोटीच्या तळाच्या मध्ये फोम भरलेला. त्या फोमने खारं पाणी वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं आणि टाकी बाहेरून, आतल्या बाजूला काहीही न दिसता, कुरतडली गेली होती. भोक सुईच्या टोकाएवढं.

टाकी बदलणं एका दिवसाचं काम. पण टाकी इंजिनाखाली होती. म्हणजे आधी इंजिन उचलायचं. इंजिन वर काढायला झडप होती, पण ती इंजिनापेक्षा चार बोटं लहान. मी टेप लावून स्वतः मोजली, दोनदा. बोट बांधताना वरचा डेक बसवायच्या आधी इंजिनं आत ठेवली आणि मग वर छप्पर घातलं, असा त्याचा अर्थ. शेवटी दिवाणखान्याची जमीन करवतीने कापली. सोफा काढला, त्याखालचं कपाट काढलं, स्वयंपाकाच्या ओट्याची एक बाजू काढली. बोट सात आठवडे पाण्याबाहेर होती. नव्या टाकीची किंमत एकूण बिलाच्या विसाव्या हिश्शाहून कमी. बाकी सगळं तिच्यापर्यंत पोचण्याचे पैसे आणि पुन्हा होतं तसं करण्याचे पैसे.

त्या सात आठवड्यांत मी रोज संध्याकाळी त्या भोकापाशी उभा राहून खाली बघायचो. आराखडा काढणाऱ्या माणसाला टाकी गंजते हे माहीत नव्हतं, असं मला वाटत नाही. त्याला ती गंजेल तेव्हा बोट कुणाकडे असेल, हा प्रश्न पडला नव्हता. ती झडप चार बोटं मोठी ठेवायला, टाकी रबरी पट्ट्यांवर उचलून खालून हवा खेळती ठेवायला त्या वेळी फारसं काही लागलं नसतं.

अशा जागा प्रत्येक बोटीत आहेत. जनरेटरचा समुद्राच्या पाण्याचा पंप भिंतीच्या बाजूला. दरवर्षी बदलायचा इम्पेलर बदलायला अख्खं यंत्र सरकवावं लागतं, म्हणून तो बदलला जात नाही, मग त्याची पाती तुटून थंड करणाऱ्या नळ्यांत जातात आणि जनरेटर तापून बसतो. टर्बोनंतरची हवा थंड करणारा कूलर दर दोन-तीन वर्षांनी उघडून धुवायला हवा. नाही धुतला तर कधीतरी खारं पाणी थेट सिलेंडरमध्ये उतरतं. उजव्या इंजिनाचा कूलर माझ्या हाताला येतो. डावा येत नाही. दोन्ही इंजिनं एकाच तोंडाने बसवल्यामुळे एकाची देखभालीची बाजू मध्यात येते, दुसऱ्याची भिंतीला. या वेळी बोट बघायला आलेल्या एका अनुभवी माणसाने सगळ्यांत आधी डावा कूलर कधी उघडला होता तेच विचारलं. त्याला माहीत होतं.

इलेक्ट्रॉनिक्सचं दुखणं नवं आणि अधिक अवघड. जुनं सोन्यासारखं डिझेल इंजिन पंपाने आणि लिव्हरने चालायचं. माझ्या इंजिनांना संगणक आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या इंजिनाचा पडदा काळा झाला. इंजिन ठणठणीत, 2,100 तास चाललेलं. डिझेलच्या हिशेबाने तरुणच. पण तो पडदा आता बनत नाही. नवा पडदा जुन्या वायरिंगशी बोलत नाही, आणि एकच बदलून चालत नाही. म्हणून दोन्ही इंजिनांचे पडदे, दोन्हीकडची वायरिंग, वरच्या आणि खालच्या दोन्ही सुकाणूंपाशी. वायरिंगचा नकाशा मागवला तर बोट बांधणाऱ्याकडून उत्तर आलं की या मॉडेलचे नकाशे जपलेले नाहीत. ज्या इलेक्ट्रिशियनने काम केलं त्याने चार दिवस निव्वळ वायरी शोधण्यात घालवले, एकेकीला कागदाची चिठ्ठी बांधत. त्या चिठ्ठ्यांवरून मी वहीत नकाशा काढला. माझ्या बोटीचा तो एकमेव नकाशा आहे आणि तो माझ्या अक्षरात आहे.

विक्रीकडे येतो. ज्याने मोठी बोट कधी विकली नाही त्याला वाटतं, जाहिरात दिली, गिऱ्हाईक आलं, सौदा झाला. बोट विकायला लागलेला प्रत्येक महिना किमतीतून वजा होतो, कारण भाडं, विमा, बॅटरीचा चार्जर, तळाची साफसफाई काही थांबत नाही. दलालाची 10 टक्क्यांच्या आसपासची दलाली बहुतेक ठिकाणी ठरलेली. ते पैसे मला जड वाटत नाहीत. चांगला दलाल खूप राबतो. खरा कस लागतो तो गिऱ्हाइकाच्या वतीने बोट तपासणारा सर्व्हेअर येतो त्या दिवशी.

मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक जुळलं. मध्यमवयीन नवराबायको, बोट त्यांना मनापासून आवडली होती. समुद्रावर चालवून झालं, सगळं छान. मग बोट उचलून बाहेर काढली आणि सर्व्हेअरने खिशातून प्लॅस्टिकची छोटी हातोडी काढली. बोटीच्या टोकापासून तो डेकवर ठोकत मागे येऊ लागला. टक, टक, टक. कोरडा, स्वच्छ आवाज. नांगराच्या रहाटापाशी आला आणि आवाज बदलला. भद्द. पुन्हा ठोकलं, भद्द. त्याने खडूने एक गोल काढला. मग बाजूच्या वाटेवर अजून एक, अजून एक. आम्ही चौघे उभे होतो, कुणी काही बोलत नव्हतं. बाईंनी नवऱ्याचा हात धरला तो मला आजही दिसतो. सहा गोल झाले.

डेकवर सागवानाच्या पट्ट्या आहेत. सागवान सुंदर दिसतं, ओलं असताना पाय घसरत नाही, मीही त्यावर भाळूनच बोट घेतली होती. पण या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी खाली बसवलेल्या होत्या, आणि खाली फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड. प्रत्येक स्क्रू म्हणजे वरच्या थराला पाडलेलं एक भोक. पट्ट्यांमधला काळा रबरी भराव वीसेक वर्षांत कडक होऊन सुटतो, पाणी स्क्रूच्या कडेने खाली जातं आणि आतलं लाकूड भिजून खिमा होतं. वरून काहीच दिसत नाही. दुरुस्ती म्हणजे सगळं सागवान उपटायचं, वरचा थर कापायचा, आतलं कुजलेलं खरवडायचं आणि पुन्हा बांधायचं. त्यात चांगलं सागवान आता मिळणं कठीण; 2021 मध्ये म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध घातले, आणि बोटींच्या डेकचं उत्तम सागवान तिथूनच येत असे. दुरुस्तीचा अंदाज आला, तो ठरलेल्या किमतीच्या जवळपास निम्मा. सौदा मोडला. त्यांचा राग येण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. क्रेनचे पैसे मात्र द्यायचे होतेच.

ज्यांनी स्क्रूऐवजी चिकटवून डेक बसवायला सुरुवात केली त्यांचे आभार मानतो. हे मनापासून लिहितोय. आणि जे नुसता घट्ट फायबरचा, खरबरीत नक्षीचा डेक देतात त्यांना तर चौथा मालक दुवा देईल.

कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही, पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. युरोपात बोट विकताना मूल्यवर्धित कर भरल्याचा पुरावा लागतो, तोही बहुधा पहिल्या खरेदीचं मूळ बिल. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तर 31 डिसेंबर 2020 ला बोट कुठे उभी होती, यावर तिचा दर्जा ठरू लागला. लोकांना मरीनाच्या जुन्या पावत्या शोधत फिरावं लागलं. वीस-तीस वर्षांत बोट चार हातांतून जाते आणि मूळ बिल कुठल्या तरी फाइलबरोबर हरवतं. बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक असतो; अमेरिकेत तो नोव्हेंबर 1972 पासून सक्तीचा आहे. त्या क्रमांकाखाली मूळ बिलाची प्रत, बांधणीचा दाखला, वायरिंगचे आणि नळांचे नकाशे, टाक्यांची मापं जपून ठेवा आणि जो आजचा मालक असेल त्याला द्या. वाजवी शुल्क घ्या. मी आनंदाने भरलं असतं.

सगळ्यांत अवघड विषय शेवटी ठेवला. फायबर कुजत नाही. लाकडी नाव किनाऱ्यावर ओढून ठेवली तर काही वर्षांत मातीला मिळते. माझी बोट मिळणार नाही. मी जी साखळी वर सांगितली तिच्या टोकाला एक माणूस असतो, ज्याने बोट अगदी कवडीमोलाने घेतली आणि दोन वर्षांच्या भाड्यातच ज्याचा दम निघाला. मग तो भाडं भरणं थांबवतो. फोन उचलत नाही. बोट एका कोपऱ्यात हिरवी पडते, पावसाचं पाणी साठत राहतं, एक दिवस ती पोटातल्या तेलासकट खाली बसते. ती काढायचा खर्च मग मरीनावर किंवा सरकारवर, म्हणजे सगळ्यांवर. आमच्या धक्क्यावर अशा दोन आहेत. त्यातल्या एकीचा मालक मला ठाऊक आहे. वाईट माणूस नाही. त्याला बोट फुकटसुद्धा कुणी घेईना.

फ्रान्सने यावर वाट काढली आहे. तिथे 2019 पासून जुन्या बोटी मोडीत काढण्याची व्यवस्था देशभर चालते. नवी बोट बाजारात आणणारे त्यासाठी आधीच पैसे भरतात, त्यात बोटींवरच्या वार्षिक कराचा वाटा पडतो. मालकाने बोट केंद्रापर्यंत पोचवायची, मोडण्याचे पैसे त्याला पडत नाहीत. पोचवणं हेच मोठ्या बोटीला महाग पडतं, तेवढी अडचण तिथेही आहे. पण व्यवस्था उभी आहे. कायदा होईपर्यंत बाकीच्या देशांत तुम्ही थांबायलाच हवं असं नाही. नव्या बोटीच्या किमतीत तिच्या शेवटाचा एक लहान हिस्सा आजच धरा आणि गिऱ्हाइकाला तो उघडपणे दाखवा.

आणि त्याच कागदावर आणखी एक रकाना द्या. 15 मीटरची बोट विकताना तुम्ही तिचा वेग, पल्ला, झोपायच्या जागा छापता. देखभालीचं वेळापत्रक पुस्तकात आत कुठेतरी असतं, तासांचं आणि भागांचं. त्याऐवजी एका पानावर छापा: पहिल्या वर्षी काय काय करावं लागेल आणि त्याला माणसाचे किती तास लागतील, पाचव्या वर्षी किती, दहाव्या, विसाव्या वर्षी किती. पैशात लिहू नका, मजुरी देशोदेशी वेगळी असते. तास लिहा. इम्पेलर बदलायला वीस मिनिटं की सहा तास. टाकी काढायला एक दिवस की सात आठवडे. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून माणसं बोटी निवडू लागली, की आराखड्याच्या टेबलावर झडप चार बोटांनी मोठी होईल, याची मला खात्री आहे.

येत्या शनिवारी एक तरुण जोडपं बोट बघायला येणार आहे. मी डेकची दुरुस्ती अर्धी करून घेतली आहे, पुढची बाजू. उरलेली पैसे संपल्यामुळे राहिली. खडूचे उरलेले गोल पुसलेले नाहीत. टाकीचे फोटो, पावत्यांची फाइल आणि वायरिंगची वही टेबलावर काढून ठेवणार आहे. ते फोनवर पहिला प्रश्न विचारत होते तो असा, की बोट बांधणारे अजून या मॉडेलचे सुटे भाग आणि माहिती देतात का. मी त्यांना म्हटलं, पत्र लिहून विचारतो आणि जे उत्तर येईल ते तुम्हाला जसंच्या तसं दाखवतो.

उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
एका 15 मीटरच्या मोटारबोटीचा तिसरा मालक